आसनाखालचा घुमारा

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने ध्वनिवर्धकावर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमचे विज्ञानशाखेचे मित्र तर ‘आमच्या वावरात तुझे काय काम?’ असे विचारायला कमी करणार नाहीत. त्यांना एवढेच सांगतो की आवाज ही काही एकट्या पदार्थविज्ञानाची मिरास नव्हे. मर्ढेकरांचे लघुगुरू ज्याला कळतात त्याला ठेक्यातले जड आणि हलके हेही कळायला हरकत नाही. शिवाय ह्या लेखातली विद्या मी पुस्तकातून थोडी आणि एका मालवाहू गाडीच्या मागच्या आसनाखाली उताणा पडून बरीच मिळविलेली आहे.

ती गाडी माझ्या मामांची. दोन रांगांची पिकअप, म्हणजे पुढे दोघे, मागे तिघे बसतील अशी केबिन आणि तिच्यामागे माल भरायचा हौदा. मामा नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरतात आणि आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरून रातोरात वाशीच्या मार्केटात पोचवतात. आठवड्यातून चार रात्री, कधी पाच. मार्गावर सोबतीला गाणी. गाडीत कंपनीने बसवून दिलेले चार इंचांचे दोन कर्णे पुढे आणि तेवढेच दोन मागे.

नारायणगाव म्हटले की जाणकार वाचकाला टोमॅटोच्या आधी तमाशाच्या राहुट्या आठवतील. मामा दहा-बारा वर्षे एका फडात ढोलकीला होते. पुढे एका अपघातात त्यांचे डावे मनगट मोडले, ते जुळले पण पूर्वीसारखे वळेना, आणि ढोलकी सुटली. त्या काळातले त्यांचे वादन एका जत्रेत कोणीतरी कॅसेटवर धरून ठेवले होते. गेल्या वर्षी माझ्या एका मित्राने ते कॅसेटवरून उतरवून मोबाइलमध्ये घालून दिले. मामांनी ते गाडीत लावले, दोन मिनिटे ऐकले आणि बंद केले. म्हणाले, ‘हे माझं नाही. ह्यात उजवाच हात वाजतोय.’

ढोलकीला दोन तोंडे असतात. उजव्या तोंडावर शाई, तिचा आवाज उंच, टणक, नाणे वाजल्यासारखा. डावे तोंड मोठे. वादक मंडळी त्याला ‘धुम’ म्हणतात. त्याच्यातून जो खोल, भरीव, छातीत उतरणारा आवाज निघतो तो घुमारा. मामांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. रेकॉर्डिंगमध्ये डावा हात होता. चांगल्या हेडफोनवर मी तो स्वच्छ ऐकला होता. गाडीचे कर्णे तो वाजवीत नव्हते. तो का वाजवीत नाहीत आणि कसा वाजविता येईल, हा ह्या लेखाचा विषय.

आवाज म्हणजे हवेचे हेलकावे. सेकंदाला किती हेलकावे होतात त्या संख्येला हर्ट्झ म्हणतात. निरोगी तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ऐकू येते. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर बोलते. आपल्या तबल्याचा डग्गा आणि ढोलकीची धुम यांचा मुख्य जोर शंभर हर्ट्झच्या आजूबाजूला आणि त्याखाली असतो. आता मुद्दा असा की खालचा आवाज काढणे हे वरचा आवाज काढण्यापेक्षा फार कष्टाचे काम आहे. कर्ण्याचा पडदा पुढेमागे हलून हवा ढकलतो. तेवढ्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली उतरवायचा, म्हणजे हर्ट्झ निम्मे करायचे, तर चौपट हवा ढकलावी लागते. आणखी एक सप्तक खाली गेले की सोळापट. चार इंचांच्या कर्ण्याला दोनशे हर्ट्झचा आवाज सहज जमतो. पन्नासचा मागितला तर त्याच्या पडद्याला सोळापट हलायला हवे, आणि तेवढी जागा त्याला मुळात दिलेलीच नसते. बिचारा फडफडतो नाहीतर मुकाट बसतो. चहाच्या कपाने विहीर उपसावी तसा हा प्रकार आहे.

यात मालवाहू गाडीची एक खास अडचण भर घालते. चार सिलिंडरच्या, चार फटक्यांच्या इंजिनात आसाच्या प्रत्येक फेऱ्याला दोनदा इंधन पेट घेते. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर मिनिटाला ४८०० स्फोट, म्हणजे सेकंदाला ८०. ऐंशी हर्ट्झ! फेरे १८०० केले तर साठ. म्हणजे डिझेल इंजिनाची गुरगुर नेमकी त्याच मजल्यावर राहते जिथे ढोलकीचा डावा हात राहतो. एक आवाज दुसऱ्या जवळच्या आवाजाला झाकून टाकतो हे आपण गर्दीत बोलताना अनुभवतोच. त्यातून माणसाचा कान खालच्या आवाजांना मुळातच मंद. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखविले की आवाज जसजसा बारीक करावा तसतसा खालच्या सुरांचा भाग इतरांपेक्षा आधी नाहीसा होतो. म्हणून रेडिओ हळू लावला की तो ‘डब्यात’ वाजल्यासारखा वाटतो. गाडीत ही तिन्ही विघ्ने एकत्र येतात: कर्णा लहान, कान मंद, आणि इंजिन त्याच सुरात.

यावरचा उपाय म्हणजे फक्त खालचे आवाज वाजविणारा एक वेगळा, मोठ्या पडद्याचा कर्णा. बाजारात त्याला सबवूफर म्हणतात. वरात्यांच्या टेम्पोवर कपाटाएवढ्या पेट्या रचलेल्या असतात त्या याच जातीच्या. पण कर्ण्याला पेटी का लागते? हे समजून घेतल्याखेरीज आसनाखालची चपटी पेटी काय करते हे कळायचे नाही. पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पेटी नसेल तर पुढची दाबलेली हवा कडेने वळून मागच्या पोकळीत शिरते आणि दोन्हींचा हिशोब शून्य होतो. उंच आवाजाला वळायला वेळ नसतो, म्हणून तो वाचतो. खालचा आवाज मात्र असा आपल्या आपणच मरतो. आजचा फिरत्या गुंडाळीचा कर्णा चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली अमेरिकेत सिद्ध केला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे चांगला घुमारा पाहिजे तर कपाटाएवढी पेटी घेणे भाग होते. १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी ही समजूत मोडली. त्यांनी लहान, पूर्ण बंद पेटी घेतली आणि आत कोंडलेल्या हवेलाच पडद्याची स्प्रिंग बनविले. पडदा आत गेला की कोंडलेली हवा त्याला परत बाहेर ढकलते, आणि हवेची ही स्प्रिंग धातूच्या वा कापडाच्या स्प्रिंगेपेक्षा अधिक इमानदार असते. पुस्तकांच्या फळीवर मावणारे ध्वनिवर्धक तेव्हापासून घराघरांत आले.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. त्याच मंडळींतले एक, जोसेफ अँटन हॉफमन (प्रसिद्ध पियानोवादक योसेफ हॉफमन यांचे हे चिरंजीव), यांच्या नावाने एक नियम सांगितला जातो आणि त्याला ‘हॉफमनचा पोलादी नियम’ म्हणतात. पेटी लहान हवी, आवाज खोल हवा आणि थोड्या विजेत भरपूर आवाज हवा, या तीनपैकी कोणतेही दोन मागा. तिसरे मिळणार नाही. मला हा नियम फार आवडला. आसनाखालच्या सबवूफरची सारी कहाणी त्यात आहे. तिथे पेटी लहान असणे ही अट, तिच्यावर वाटाघाट नाही. मग उरलेल्या दोनांत बनविणारा तडजोड करतो: वीज थोडी जास्त खर्च करतो, त्यासाठी पेटीतच स्वतंत्र ॲम्प्लिफायर बसवितो, आणि खोली थोडी सोडून देतो. अशा पेटीकडून तीस हर्ट्झची जमीन हादरविण्याची अपेक्षा करणे चूक आहे. पन्नास-साठच्या वरचे मात्र ती नेटकेपणाने देते. आमची गरज ढोलकीची, तेव्हा ही तडजोड आम्हाला पुरेशी होती. ज्याला वरातीचा दणका हवा असेल त्याने हा लेख इथेच मिटावा.

लहान केबिनचा एक फायदाही आहे, आणि तो कोणी दुकानदार सांगत नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. साठ हर्ट्झच्या लाटेची लांबी काढली तर ती पावणेसहा मीटरच्या जवळपास येते, म्हणजे केबिनपेक्षा कितीतरी मोठी. केबिनची लांबी लाटेच्या निम्म्याहून कमी असली की आत लाट अशी उरतच नाही; सगळी हवा एकदम दाबली जाते आणि एकदम सैल होते, सायकलच्या पंपात होते तशी. मामांच्या गाडीत पुढच्या काचेपासून मागच्या भिंतीपर्यंत सव्वादोन मीटर भरतात. तिच्या दुप्पट साडेचार मीटर, आणि तेवढ्या लांबीची लाट ७६ हर्ट्झची. त्याखालच्या आवाजांना केबिन स्वतःच उचलून धरते. चपट्या पेटीने सोडून दिलेल्या खोलीतली थोडीशी अशी परत मिळते. खिडकी उघडली की हा लाभ बराच कमी होतो, हे उन्हाळ्यात ध्यानात येते. लाट मोठी असण्याचा दुसरा परिणाम असा की खालचा आवाज कुठून आला हे आपल्या दोन कानांना ठरविता येत नाही. म्हणूनच पेटी आसनाखाली लपविली तरी ढोलकी समोरूनच वाजल्यासारखी वाटते.

आता निवडीकडे वळू. दुकानात प्रथम दृष्टीस पडतो तो वॉटचा आकडा, आणि तोच सर्वांत फसवा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत जे छापलेले असते ते क्षणभर सोसता येणारे शिखर. सतत देता येणारी शक्ती, जिला आरएमएस म्हणतात, ती आत बारीक अक्षरांत असते आणि पुष्कळदा तिसऱ्या हिश्श्याइतकीच निघते. आम्ही पाहिलेल्या पेट्यांत पायोनियरची एक होती, तिच्यावर १६० वॉट ठळक, आणि सतत ५० वॉट. हा काही लबाडीचा प्रकार नव्हे, दोन्ही आकडे छापलेले असतात. वाचणाऱ्याने दुसरा शोधायचा. आणि शक्ती दुप्पट केली तरी आवाज फक्त तीन डेसिबलने चढतो, म्हणजे कानाला जेमतेम फरक कळतो. तेव्हा पन्नास की शंभर यावर रात्र जागविण्यात अर्थ नाही.

खरी निवड जागा करते. आधी हे पाहावे की आसनाखाली जागा आहे तरी का. मारुतीची जुनी ओम्नी किंवा टाटांचा ‘छोटा हत्ती’ यांच्यात पुढच्या बैठकीखाली इंजिनच असते. तिथे पेटी ठेवणे म्हणजे चुलीत वही ठेवणे. बॉनेटवाल्या पिकअपमध्ये तो प्रश्न नाही. मात्र रिकाम्या आसनाखालची उंची मोजून भागत नाही. तीन माणसे बसल्यावर गादीच्या खालच्या स्प्रिंगा किती खाली येतात ते कळले पाहिजे. यासाठी मी मामीकडून कणकेचे तीन गोळे मागून घेतले. ते कागदात गुंडाळून आसनाखाली तीन ठिकाणी ठेवले, वर मामा, मामी आणि शेजारचे एक वजनदार काका यांना बसविले आणि गाडी गल्लीतल्या गतिरोधकावरून दोनदा नेली. गोळे काढून मोजले: सर्वांत चपटा गोळा साडेनऊ सेंटीमीटरचा. तळ अन् गादी यांच्यात हवा खेळायला दोन सेंटीमीटर सोडले, तर पेटी साडेसातपेक्षा उंच नको. (गोळ्यांच्या पुढे पोळ्या झाल्या नाहीत; त्या गाईला गेल्या.) लांबीला आसनाचा पाय आणि जॅक ठेवायचा कप्पा यांच्यामध्ये ३१ सेंटीमीटर. जेबीएलची आठ इंची, सतत १२५ वॉटची पेटी उंचीला सात सेंटीमीटरच होती, पण लांबीला साडेचौतीस. पायोनियरची २८ बाय २० बाय ७. निवड कणकेने आणि पट्टीने केली असेच म्हटले पाहिजे.

खरेदीला मात्र चार महिने लागले. मामीचे म्हणणे असे की मागचे दोन टायर गुळगुळीत झालेत, पावसाळ्यात माळशेज उतरायचा आहे आणि इथे ढोलकीच्या गोष्टी चालल्यात. ह्या युक्तिवादाला उत्तर नव्हते. आधी टायर आले.

पेटी आली तेव्हा बसविण्यासाठी आम्ही प्रथम एका दुकानात गेलो. तिथल्या कारागिराने बॅटरीपासून थेट तार ओढायची तयारी केली. फ्यूज कुठे, असे विचारल्यावर म्हणाला, ‘फ्यूज पेटीत आहेच की, आणि वायर जाड आहे.’ आम्ही पेटी परत उचलली. ह्या मुद्द्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण यात आवाजाचा नव्हे, गाडीचा आणि गाडीतल्या माणसांचा प्रश्न आहे. पेटीतला फ्यूज पेटीला वाचवितो. बॅटरीपासून पेटीपर्यंत जी पाच मीटर तार पत्र्याच्या कडांवरून, गालिच्याखालून, पायाखालून जाते तिला तो वाचवू शकत नाही, कारण तो तिच्या शेवटच्या टोकाला असतो. वाटेत कुठे तिचे वेष्टण घासले आणि तांबे पत्र्याला लागले तर बॅटरी आपली सारी वीज त्या एका ठिकाणी ओतते. शेकडो अँपिअर सहज. तार लाल होते, वेष्टण पेटते, गालिचा पेटतो. तार जाड असली तर उलट अधिक वीज वाहते. म्हणून पहिला फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. फार तर दीड फूट. फ्यूज हा तारेचा रखवालदार आहे, यंत्राचा नव्हे, हे एक वाक्य लक्षात राहिले तरी हा लेख वाचल्याचे सार्थक.

मग हे काम आम्हीच घरी केले. मदतीला मामांचे एक जुने स्नेही, निवृत्त वायरमन. तारेचा हिशोब सोपा आहे. ५० वॉट आवाजासाठी ॲम्प्लिफायरच्या गळतीसह साठेक वॉट लागतात असे धरले आणि इंजिन चालू असताना विजेचा दाब १३.८ व्होल्ट, तर प्रवाह साडेचार-पाच अँपिअर. आम्ही चार चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार घेतली. पाच मीटरला तिच्यात दाबाची घट एक दशांश व्होल्टच्या आसपास येते, म्हणजे नगण्य. बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज. बाजारात स्वस्त तारा पुष्कळ मिळतात. त्यांपैकी अनेकींत आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा असतो. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या जवळपास, आणि ते स्क्रूखाली दबून काळाने सैल होते. टोक चाकूने खरवडले की आतला पांढरा रंग दिसतो. आणखी एक इशारा: मोठ्या ट्रकांत दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. पिकअपसाठीची पेटी १२ व्होल्टची. ती ट्रकला तशीच जोडली तर पहिल्याच क्षणी जळेल. मामांच्या एका ट्रकवाल्या मित्राने उत्साहाने चौकशी केली तेव्हा त्यांना हे सांगावे लागले.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडविले. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून तार आत घेताना जे भोक आधीच आहे तेच वापरले, आणि त्याला रबराची गोल चकती बसविली. उघड्या पत्र्यावरून तार नेणे म्हणजे करवतीवरून दोरी नेणे. दाराच्या पायरीवरची पट्टी उचकटून तार तिच्याखालून मागे नेली. आवाजाचा संदेश नेणाऱ्या बारीक तारा मात्र गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेल्या. दोन्ही शेजारून गेल्या की डायनॅमोचे किंचाळणे गाण्यात उतरते. इंजिन जोरात फिरविले की शिट्टी वर चढते. त्याचे दुसरे कारण कच्चे ‘अर्थिंग’. पेटीची काळी तार गाडीच्या पत्र्याला जोडायची असते. तिथला रंग नाण्याएवढ्या जागेत पार खरवडून, धातू चकाकेपर्यंत घासून, दातेरी चकती घालून बोल्ट आवळावा आणि वर ग्रीसचा हात फिरवावा. पट्ट्याचा, म्हणजे सीटबेल्टचा, बोल्ट ह्या कामाला वापरू नये. तो आयते जाड लोखंड म्हणून सर्वांना मोह पाडतो. पण त्याच्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो.

पेटी थेट तळावर ठेवली नाही. शेतमालाची गाडी आहे. पावसाळ्यात पायांबरोबर चिखल येतो आणि मामा आठवड्याला केबिन पाइपने धुतात. बारा मिलिमीटरच्या प्लायवूडच्या फळीला रंगाचे दोन हात दिले, ती आसनाच्या पायांच्याच बोल्टांत पट्ट्या अडकवून बसविली आणि तिच्यावर पेटी आवळली. फळीचे बारा मिलिमीटर धरले तरी वर सव्वा सेंटीमीटरच्या वर जागा राहते, म्हणजे ठरविलेल्या दोनपेक्षा थोडी कमी. पडदा वर तोंड करून असल्यामुळे मला ती जागा थोडी अपुरी वाटली, म्हणून मामींना बसवून पुन्हा एकदा कणीक लावून पाहिली. चालते. तळाला नवे भोक पाडलेच नाही. पाडायचेच असेल तर आधी गाडीखाली जाऊन डिझेलची आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते पाहावे. सैल पेटी हा तर निव्वळ धोका. जोराचा ब्रेक लागला की तीन किलोची पेटी पुढे धावते, आणि पुढे चालकाचे पाय असतात.

गाडीच्या मूळ रेडिओला सबवूफरसाठी वेगळी भोके नव्हती. अशा वेळी मागच्या कर्ण्यांच्या तारांतूनच संदेश घेता येतो. आसनाखालच्या बहुतेक पेट्यांना ही सोय असते. उरते ती पेटी जागी करणारी बारीक तार. ती किल्ली फिरविल्यावरच जिच्यात वीज येते अशा तारेला जोडावी. थेट बॅटरीला जोडली तर पेटी रात्रंदिवस जागी राहते. अर्धा अँपिअर प्रवाह धरला तरी दिवसाला बारा अँपिअर-तास गळतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाजारात गाडी ढकलायला माणसे बोलवावी लागतात.

आता सूर लावणे. तबला लावायला वेळ लागतो तसा यालाही लागतो, आणि बहुतेक लोक इथेच घाई करतात. पेटीवर तीन गोष्टी फिरवायच्या असतात. एक, किती हर्ट्झच्या खालचे वाजवायचे. पुस्तके ८० सांगतात. पण गाडीचे चार इंची कर्णे दीडशेच्या खाली हात टेकतात, मग ८० ते १५० हा पट्टा अनाथ राहतो, आणि ढोलकीचा डावा हात नेमका तिथेही असतो. फार वर नेले तर आवाज आसनाखालून येतो हे कळू लागते, बसणारा पायाकडे पाहतो. आम्ही १०० च्या पुढे थोडे, असे ठेवले. दुसरे, कला उलटविण्याचे बटण. पेटीचा पडदा पुढे येताना पुढच्या कर्ण्यांचा मागे जात असेल तर दोघे मिळून एकमेकांना खातात. चालकाच्या जागी बसून बटण दोन्हीकडे करून पाहावे. ज्या बाजूला घुमारा भरीव वाटतो ती खरी. यात सिद्धान्त कानापुढे हरतो. तिसरे, गेन. ह्याला लोक आवाजाचे बटण समजतात. रेडिओतून येणारा संदेश आणि पेटीची ताकद यांचा मेळ घालणे एवढेच त्याचे काम. रेडिओ नेहमीपेक्षा थोडा जास्त ठेवून गेन हळूहळू वाढवावा. आवाज फाटल्यासारखा, भरड वाटला की थांबून थोडा मागे घ्यावा. आणि सारे झाल्यावर पेटी बंद करून एकदा ऐकावे. पेटी वाजते आहे हे चालू असताना कळू नये, बंद केल्यावर कळावे.

कान कोणाचा, हा प्रश्न नव्हताच. मामा चालकाच्या जागी बसले, मी मागे आडवा पडून बटणे फिरवीत होतो, वायरमन काका दारात उभे. जत्रेचे रेकॉर्डिंग लावले. इंजिन बंद. पहिल्यांदा मी गेन माझ्या पसंतीने ठेवला होता. मामा म्हणाले, ‘कमी कर. एवढी मी वाजवत नव्हतो.’ मी कमी केला. ‘आणखी.’ आणखी केला. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचा डावा पंजा मांडीवर होता. मनगट वळत नाही, पण बोटे घिशीवर आपल्या वेळी दबत होती. आसनांच्या फटीतून मला तेवढेच दिसत होते. आवर्तन संपल्यावर त्यांनी विचारले, ‘पुढचं आहे का?’

इंजिन सुरू केल्यावर सगळे पुन्हा बिघडले, हे वर सांगितलेल्या ८० हर्ट्झच्या हिशोबाप्रमाणेच झाले. चालत्या गाडीत घुमारा ऐकू यायला तो उभ्या गाडीपेक्षा वाढवावा लागतो. पण म्हणून गेन कायमचा वाढवून ठेवणे बरे नव्हे. खालचे आवाज भिंतीतून आरपार जातात. गल्लीत गाडी उभी असली तर गाणे ऐकू येत नाही, नुसते धप् धप् येते, आणि ते आत ऐकणाऱ्याला कधीच जाणवत नाही. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा वस्तीत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मामांची गाडी पहाटे चारला परत येते. आणि नव्या चित्रपटगीतांत घुमारा आधीच ओतून भरलेला असतो; जे प्रमाण ढोलकीला योग्य ते त्यांना असह्य.

ह्या पेटीबरोबर तारेने जोडलेले एक छोटे गोल बटण मिळते, त्याने गेनला हात न लावता घुमारा कमीजास्त करता येतो. ते आम्ही स्टिअरिंगच्या डावीकडे, मामांचे बोट न वळता पोचेल अशा उंचीवर बसविले, आणि त्याच्या कडेला पांढऱ्या ऑइलपेंटचे तीन ठिपके दिले. पहिला बाजारात गाडी उभी असताना, दुसरा घाटाच्या रस्त्याला. तिसरा अगदी डावीकडे, शून्यावर. तो गल्लीच्या तोंडाशी आल्यावर.